बोट रॅम्पवर सुटत नाही, हायवेवर ट्रेलर झुलतो: दोन्ही तक्रारी एकत्र कशा सोडवायच्या

तक्रार साधारण अशी असते. सोळा-सतरा फुटी फायबरची बोट, मागे आउटबोर्ड इंजिन, खाली सिंगल ॲक्सलचा, म्हणजे चाकांची एकच जोडी असलेला ट्रेलर. रॅम्पवर, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या उतारावर, बोट लवकर तरंगत नाही, गाडीची मागची चाकं पाण्यात जातात. मग कुणीतरी सुचवतं, विंचचा (बोट ओढून घ्यायच्या हातरहाटाचा) खांब मागे घ्या, बोट जरा मागे बसवा. तसं केल्यावर बोट थोडी आधी सुटल्यासारखी वाटते, आणि पुढच्याच खेपेला हायवेवर साठ-सत्तरच्या पुढे ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागतो. झुलणं थांबवायला बोट पुढे ओढली की पहिली तक्रार परत हजर.

हा फेरा संपवायचा तर एक नियम धरा: बोटीची पुढची-मागची जागा रस्त्यासाठी ठरवायची आणि उंची पाण्यासाठी. पाण्यातल्या सोयीसाठी बोट मागे सरकवायची नाही.

का, ते आकड्यांत पाहू. बोट, इंजिन, पेट्रोल, बॅटरी, नांगर मिळून ६५० किलो, ट्रेलर २५० किलो, एकूण ९०० किलो. कपलरच्या (ट्रेलरच्या पुढच्या टोकाची, गाडीच्या हुकाच्या बॉलवर बसणारी वाटी) मध्यापासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत ४ मीटर. बोट २५ सेंमी मागे घेतली तर कपलरवरचा भार ६५० × ०.२५ ÷ ४, म्हणजे सुमारे ४० किलोंनी कमी होतो. ७५ किलो होता तो ३५ वर येतो. बदल्यात रॅम्पवर काय मिळालं? १२ ला १ असा उतार असेल तर २५ सेंमी मागे गेल्यामुळे ट्रान्समखालची (बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीखालची) खोली जेमतेम २ सेंमी वाढली. उलट, बोट ज्या लांब फळ्यांवर बसते ते बंक ८ सेंमी खाली घेतले, तर त्याच रॅम्पवर ट्रेलर जवळजवळ एक मीटर कमी आत न्यावा लागतो आणि कपलरवरच्या भाराला धक्काही लागत नाही.

स्पॅनर हातात घेण्याआधी मोजा

बोट नेहमी जशी नेता तशी भरा. टाकीत पेट्रोल, लाइफ जॅकेट, नांगर, दोर, सगळं आपापल्या जागी. एकूण वजन वे-ब्रिजवर करा. कोल्हापूर-साताऱ्याकडे उसाचा काटा असतो, इतर ठिकाणी खडी क्रशरचा. गाडीपासून ट्रेलर सोडवून, गाडी काट्याबाहेर ठेवून, बोटीसकट ट्रेलरचं वजन घ्या. काटा बहुधा पाच, दहा किंवा वीस किलोंच्या टप्प्यानं दाखवतो. एकूण वजनासाठी ते चालतं, पण कपलरवरचा भार त्या काट्यावर मोजू नका.

त्यासाठी घरातला माणसांचा वजनकाटा पुरतो. ट्रेलर सपाट जागी उभा करा आणि दोन्ही चाकांना पुढून-मागून गुटके लावा. काट्यावर लाकडी ठोकळा उभा करून कपलर त्यावर टेकवा. कपलरची उंची गाडीच्या बॉलइतकीच हवी, नाक वर किंवा खाली असेल तर आकडा चुकतो. काट्याच्या क्षमतेपेक्षा भार जास्त निघेल असं वाटलं तर एक जाड फळी घ्या. फळीचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर. विटेपासून १ फूट आणि काट्यापासून २ फूट अशा जागी कपलर टेकवा. काटा जे दाखवेल त्याची तिप्पट म्हणजे खरा भार (फळीचं स्वतःचं वजन आधी वजा करून).

हा भार एकूण वजनाच्या ७ ते १० टक्के हवा. ९०० किलोंना ६३ ते ९० किलो. यापेक्षा कमी भरला तर ट्रेलरचा गुरुत्वमध्य ॲक्सलच्या फार जवळ आहे. ओव्हरटेक करणाऱ्या ट्रकच्या वाऱ्यानं किंवा एका खड्ड्यानं मिळालेला झोका मग विरत नाही, वाढत जातो. दहाच्या बराच वर गेला तर गाडीचं मागचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल वाटतं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ओढायच्या वजनाची आणि बॉलवरच्या भाराची मर्यादा बघा. तिथे नसेल तर सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. टो-हुकाच्या प्लेटवरचा आकडा आणि गाडीची मर्यादा, यातला लहान तो आपला.

उंचीही लगेच तपासा. जोडलेल्या अवस्थेत ट्रेलरची चौकट जमिनीशी समांतर असावी, नाक दोन-तीन सेंमी खाली चालेल. नाक वर असलेला ट्रेलर जास्त झुलतो. बॉलची पट्टी वर-खाली करून हे जमतं.

भार कमी निघाला तर

सर्वात आधी ट्रान्समकडे पाहा. बंकची मागची टोकं ट्रान्समपर्यंत किंवा त्याच्या दोन-तीन सेंमी मागे यायला हवीत. ट्रान्सम बंकच्या पलीकडे लोंबत असेल तर इंजिनाचं सगळं वजन बोटीच्या तळाच्या शेवटच्या भागावर येतं. महिनोन् महिने असं राहिलं की फायबरचा तळ तिथे वाकतो आणि बोट पाण्यात नाक खाली घालून चालायला लागते. हा वाक नंतर काढता येत नाही असं समजा. म्हणून बोट मागे सरकवणं दोन्ही अर्थांनी महाग पडतं.

बोट पुढे घेतल्यानं भार भरून येत असेल तर तो सोपा मार्ग. समजा, वरच्याच ९०० किलोंच्या ट्रेलरच्या कपलरवर ४० किलो आहेत आणि ७० हवेत. कमी पडले ३०. बोट किती पुढे घ्यायची? ३० × ४००० ÷ ६५०, म्हणजे सुमारे १८५ मिमी. विंचच्या खांबाचे यू-बोल्ट सैल करा, खांब तेवढा पुढे न्या, बोट ओढून घ्या, परत मोजा. पुढे आलेली नाळ (बोटीचं पुढचं टोक) गाडीच्या डिकीला लागत नाही ना, हे ट्रेलर पूर्ण वळवून बघा.

बोट पुढे घ्यायला जागा नसेल तर ॲक्सल मागे न्यायचा. इथे ट्रेलरसकट सगळं वजन मोजावं लागतं: ३० × ४००० ÷ ९००, सुमारे १३५ मिमी. ॲक्सलची उपचौकट यू-बोल्टनं कसलेली असेल तर काम दुपारभराचं. ट्रेलर जॅकवर नाही, पक्क्या घोड्यांवर ठेवा, शक्य असेल तर बोट उतरवून. सरकवल्यावर कपलरच्या मध्यापासून ॲक्सलच्या डाव्या आणि उजव्या टोकापर्यंत टेपनं मोजा. दोन्ही मापांत तीन मिमीपेक्षा जास्त फरक नको. ॲक्सल तिरका राहिला तर ट्रेलर कायम एका बाजूला ओढतो आणि टायरची एक कड झिजते. जुने नट परत वापरू नका, नवे नायलॉक नट लावा आणि आळीपाळीनं समोरासमोरचे आवळा.

आपल्याकडे स्थानिक फॅब्रिकेटरनं बनवलेल्या बऱ्याच ट्रेलरवर पाट्यांचे (ॲक्सलवरच्या पट्टीच्या स्प्रिंगांचे) ब्रॅकेट थेट चौकटीला वेल्ड केलेले असतात. ते कापून परत वेल्ड करणं हे अनुभवी वेल्डरचं काम आहे. गॅल्वनाइज्ड चौकट असेल तर वेल्डच्या जागचं जस्त आधी घासून काढायचं, कारण जळलेल्या जस्ताचा धूर विषारी असतो, आणि नंतर तिथे झिंकयुक्त पेंटचे दोन हात द्यायचे. खाऱ्या पाण्यात उघडा राहिलेला वेल्ड सर्वात आधी गंजतो.

सकाळी ठीक, संध्याकाळी झुलतो

जाताना ट्रेलर शांत आणि परतताना झुलतो, अशी तक्रार असेल तर बोटीच्या तळातलं पाणी बघा. फरशीखाली चाळीस लिटर पाणी साचलेलं वरून दिसत नाही. ते उताराकडे, म्हणजे ट्रान्समकडे, ॲक्सलच्या साधारण दोन मीटर मागे जाऊन बसतं. ४० × २ ÷ ४, म्हणजे कपलरवरचे २० किलो गेले. वर ते पाणी हलतं, झोक्याला झोका देतं. बोट बाहेर आली की रॅम्पच्या वरच, नाक उंच असतानाच ड्रेन प्लग काढा आणि धार थांबेपर्यंत हलू नका. प्लग स्टिअरिंगला किंवा गाडीच्या किल्लीला बांधा, म्हणजे पुढच्या वेळी तो लावल्याशिवाय बोट पाण्यात जाणार नाही.

इंजिन बदललं असेल तरीही हाच प्रश्न येतो. टू-स्ट्रोक काढून त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक बसवलं की ट्रान्समवर पंचवीस-तीस किलो सहज वाढतात. टाकी मागे असेल तर २५ लिटर पेट्रोलचे सुमारे १८ किलो धरा. बॅटरी आणि नांगर पुढे हलवून यातलं बरंच भरून काढता येतं.

आता रॅम्प

रस्त्याची बाजू पक्की झाल्यावरच इकडे या. रॅम्पचा उतार मोजायला एक मीटरची सरळ पट्टी आणि स्पिरिट लेव्हल लागते. पट्टीचं एक टोक उतारावर टेकवा, पट्टी लेव्हलमध्ये धरा आणि दुसऱ्या टोकाखालची उंची मोजा. १२ सेंमीच्या आसपास आली तर ८ ला १, म्हणजे चांगला रॅम्प. ८ सेंमी आली तर १२ ला १, अडचणीचा. ६ च्या खाली गेली तर साध्या बंक ट्रेलरवरून तिथे बोट सुटणं कठीण.

मागच्या टोकाला बंकचा माथा जमिनीपासून ६० सेंमी आहे आणि बोट २८ सेंमी पाणी घेते असं धरू. ट्रान्सम उचलायला ८८ सेंमी खोली हवी. ८ ला १ उतारावर ट्रेलरचं मागचं टोक पाण्याच्या कडेपासून ७ मीटर आत जातं. १२ ला १ वर साडेदहा मीटर. ट्रेलरच्या मागच्या टोकापासून गाडीच्या मागच्या चाकापर्यंत ८ मीटर असतील तर पहिल्या रॅम्पवर चाक एक मीटर कोरडं राहतं, दुसऱ्यावर अडीच मीटर पाण्यात, वीस सेंमी खोल. शेवाळलेल्या काँक्रीटवर अशी गाडी भरलेली बोट ओढून वर येत नाही, चाकं जागच्या जागी फिरतात.

म्हणून बंक खाली घ्यायचे. किती, हे बोटीचा तळ आणि ॲक्सल यांतली फट ठरवते. बोट चौकटीला बांधलेली असते, पण ॲक्सल पाट्यांबरोबर वर-खाली होतो. पाटे पूर्ण दबल्यावर ॲक्सल किती वर येतो ते मोजा आणि त्यात २५ मिमी मिळवा. तेवढी फट तळ आणि ॲक्सलच्या मध्ये राहिलीच पाहिजे, नाहीतर पहिल्याच मोठ्या गतिरोधकावर ॲक्सल तळाला ठोकेल. चाक आणि मडगार्डचीही जागा याच हिशेबानं बघा.

बंक खाली घेताना चारही ब्रॅकेट सारखेच उतरवा. फक्त मागचे उतरवले तर बोट नाक वर करून बसते आणि वजन मागच्या टोकावर जमा होतं. बंक तळाच्या लांबलचक कडांच्या मधल्या सपाट पट्टीवर टेकायला हवेत, कडेवर चढलेला बंक फायबरला चीर पाडतो. मध्ये कीलचे (तळाच्या मधल्या कण्याचे) रोलर असतील तर तेही त्याच मापानं उतरवा. बोट बसल्यावर रोलर हातानं जोर लावून फिरायला हवा. अजिबात फिरत नसेल तर सगळं वजन त्यानं घेतलं आहे, आणि मोकळा फिरत असेल तर तो फक्त शोभेला आहे.

एवढं करूनही पाणी कमी पडलं तर ड्रॉबारला (ट्रेलरच्या पुढच्या दांड्याला) जोडायची लांब पट्टी बनवून घ्या, मूळ ड्रॉबारच्याच सेक्शनची, दोन पिनांनी पक्की होणारी. दीड-दोन मीटर पुरते. ती फक्त रॅम्पवर वापरायची, रस्त्यावर ट्रेलर त्या पट्टीनं ओढायचा नाही. दोरानं ट्रेलर सोडण्यापेक्षा ही पट्टी कितीतरी सुरक्षित आहे. ताणलेला नायलॉनचा दोर तुटला तर चाबकासारखा परत येतो.

बंकवर सिलिकॉन मारून बोट निसटती करण्याचा सल्ला सर्रास मिळतो. सपाट रॅम्पवर त्याचा उपयोग आहे, पण मग विंचचा हुक ट्रान्सम पाण्यात जाईपर्यंत सोडायचा नाही. हुक कोरड्यावर काढला आणि चालकानं ब्रेक दाबला तर बोट काँक्रीटवर उतरते. रोलर ट्रेलरला हे कायमच लागू आहे.

चढवताना बोट पुढे टेकते, बाहेर आल्यावर फट पडते

पाण्यात असताना नाळ रबरी थांब्याला घट्ट टेकलेली, आणि वर आल्यावर मध्ये चार बोटं जागा. कारण ट्रेलर जास्त खोल नेला आहे. मागचा भाग तरंगत असतो, ट्रेलर वर येताना तो खाली बसतो आणि नाळ मागे सरकते. ही फट म्हणजे कपलरवरून गेलेला भार, म्हणून ती तशीच ठेवून निघू नका.

चढवताना बंकचा पुढचा तिसरा हिस्सा पाण्याबाहेर ठेवा, मागचे दोन हिस्से आत. बोट आधी बंकवर टेकते, मधोमध बसते, आणि शेवटचा हातभर विंचनं ओढावी लागते. तेवढी मेहनत करा. ट्रेलर एक मीटर वर आणा, थांबा, हॅंडब्रेक लावा, परत विंच आवळा. विंचवर काम करणारा बाजूला उभा राहील, पट्ट्याच्या रेषेत कुणीही नको. नाळेची कडी थांब्याच्या किंचित खाली राहिली पाहिजे, म्हणजे धक्क्यानं नाळ वर उसळत नाही. इंजिनाच्या जोरावर बोट ट्रेलरवर चढवू नका. पंख्याचा प्रवाह रॅम्पच्या टोकाखालची माती खणून काढतो आणि तिथे खड्डा पडतो.

त्या खड्ड्याबद्दल अजून एक. रॅम्प नवा असेल तर ओहोटीला जाऊन काँक्रीट कुठे संपतं ते बघा आणि कडेच्या भिंतीवर खूण करा. ट्रेलरची चाकं त्या कडेवरून खाली उतरली तर ॲक्सल काँक्रीटला अडकतो आणि ओढायला लागलं की पाटे तुटतात. धरणांवर उलट प्रकार होतो: ऑक्टोबरपासून पातळी उतरत जाते आणि उन्हाळ्यात रॅम्प संपून गाळ लागतो. त्या गाळात सिंगल ॲक्सल नेऊ नका.

कोकण किनाऱ्यावर बोट चढत्या भरतीला उतरवा, पूर्ण भरतीच्या दोनेक तास आधी. अडकलात तर पाणी येऊन सोडवतं. ओहोटी लागल्यावर अडकलात तर पुढची भरती येईपर्यंत तिथेच. भरतीच्या मधल्या दोन तासांत पाणी सर्वात वेगानं चढतं, दर तासाला एकूण फरकाच्या पाव हिस्सा. मुंबईला उधाणात हा फरक चार मीटरांच्या वर जातो, म्हणजे तासाला मीटरभर. रॅम्पच्या पायथ्याशी गाडी उभी करून गप्पा मारायची ही वेळ नव्हे.

हब आणि बेअरिंग

लांबचा प्रवास करून आल्यावर हब गरम असतो. तसाच पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. परतीच्या वाटेवर बेअरिंग घुरघुरायला लागतं, आणि दुर्लक्ष केलं तर चाकच निघतं. हबला हात टेकवता येईल इतका तो निवू द्या. तोवर पट्टे सोडा, प्लग लावा, दिव्यांचा प्लग गाडीपासून काढा.

ग्रीस पाण्यात न विरघळणारं, मरीन प्रकारचंच घ्या. बेअरिंग बसवताना हब फिरवत कॅसल नट (खाचांचा नट) घट्ट करा, मग पुढची फट स्प्लिट पिनच्या भोकाशी येईपर्यंत सैल सोडा. चाक वर-खाली हलवून किंचित खेळ जाणवला पाहिजे, खडखड नको. स्प्लिट पिन दर वेळी नवी. ग्रीस पांढरट, दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय: सील आणि बेअरिंग दोन्ही बदला, नुसतं ग्रीस भरू नका. खाऱ्या पाण्यातून आल्यावर ट्रेलर गोड्या पाण्यानं धुवा, ब्रेक ड्रम आणि पाट्यांच्या मधल्या फटींसकट.

रस्त्यावर निघताना

कपलरवर कोरलेला आकडा आणि बॉलचा आकडा सारखाच हवा. ५० मिमीचा बॉल आणि दोन इंची, म्हणजे ५०.८ मिमीचा कपलर वरवर बसल्यासारखा वाटतो, पण खड्ड्यात उसळी घेतो. जोडल्यावर पुढचं जॅकचाक फिरवून कपलर वर उचला: गाडीचं बूड सोबत उचललं गेलं तर कुलूप बसलं आहे. दोन साखळ्या कपलरखाली फुलीत, डी-शॅकलनं. कपलर सुटला तर ड्रॉबार रस्त्यावर न पडता त्या फुलीत पडतो. विंचच्या पट्ट्यावर विसंबू नका. नाळेला वेगळी साखळी आणि ट्रान्समच्या दोन्ही कड्यांना रॅचेट पट्टे हवेत. वर केलेल्या इंजिनाला आधाराचा दांडा लावा, इंजिनाचाच छोटा लिव्हर रस्त्याचे धक्के सोसण्यासाठी नसतो.

ब्रेक नसलेला ९०० किलोंचा ट्रेलर घाट उतरताना गाडीला मागून ढकलतो. ताम्हिणी किंवा आंबोली उतरायची असेल तर ओव्हररन ब्रेक (ट्रेलर गाडीला ढकलू लागला की आपोआप लागणारे) बसवून घ्या. गिअर उतार सुरू होण्याआधीच खाली टाका. सपाट रस्त्यावरही ६० च्या वर जाऊ नका. तरीही झुलायला लागला तर ब्रेक दाबू नका, वेगही वाढवू नका, स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नका. चाक सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, गाडी आपोआप मंदावू द्या. ट्रेलर शांत झाल्यावर बाजूला घेऊन पाणी, पट्टे, टायरची हवा आणि नाळेपाशी फट पडली आहे का ते बघा.

नवीन मापं ठरली की विंचचा खांब, बंकचे ब्रॅकेट आणि ॲक्सलचे यू-बोल्ट यांच्या नटापासून चौकटीपर्यंत पेंटची एक-एक रेघ ओढा. पहिल्या ५० किमीनंतर थांबून या रेघा आणि चाकांचे नट तपासा. रेघ तुटलेली दिसली तर तो नट तिथेच आवळा, आणि घरी आल्यावर कपलरवरचा भार परत मोजा.